भाऊच्या गाण्याला थोडा बेस

मेलेल्या माणसाच्या फोनला किती दिवस चार्जिंग लावायचं असतं?

हा प्रश्न इंद्रजीतनं तिघांना विचारला. आईला विचारला, तर ती पीठ चाळत होती ती चाळतच राहिली. भन्तेजींना विचारला, तर त्यांनी डोळे मिटले. (इंद्रजीत अर्धा तास समोर बसून होता. त्यांनी उघडलेच नाहीत.) मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात विचारला, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "बॅटरी ओरिजिनल है क्या?" मग इंद्रजीतनं विचारणं सोडून दिलं. वहिनीनं हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. ती रोज सकाळी बुद्धाच्या फोटोखालच्या प्लगला भाऊचा फोन लावायची आणि शंभर टक्के झाला की काढून घ्यायची.

भाऊ म्हणजे पुंडलिक, इंद्रजीतचा थोरला. चार महिन्यांपूर्वी तो बिडकीनच्या कंपनीतून आला, चपला काढल्या, चहा मागितला. चहा उकळून वर आला तोवर भाऊ गेला होता. वय चौतीस. इंद्रजीत त्या वेळी फुलंब्रीला एका हळदीत साऊंड लावून उभा होता. सतरा मिस कॉल येऊन गेले. बेस एवढा होता, की खिशातला फोन थरथरतोय का आपण थरथरतोय हे त्याला कळलं नाही.

तर भाऊला एक नाद होता. इंद्रजीत नववीला तीनदा बसला आणि तिसऱ्यांदा उठलाच नाही, पण भाऊ शिकलेला. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या एका सरांकडं त्यानं कसल्या कसल्या कॅसेट ऐकल्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी. त्याला सोल म्हणतात. भाऊ आंघोळ करताना, स्कूटर पुसताना, मेथी निवडताना तेच गायचा.

"हे काय रडगाणं लावलंय, भाऊ?" इंद्रजीत म्हणायचा.

"इंद्या, तिकडं बी लोकांना वेशीबाहेर ठेवलं होतं. त्यांनी गाण्यातच घर बांधलं बघ."

"ते खरं हाय. पण बीट लई उशिरा येतो."

भाऊ हसायचा. हसून झालं की तेच गाणं आणखी हळू म्हणायचा.

लग्नाच्या गेल्या वाढदिवसाला भाऊनं वहिनीसाठी त्यातलं एक गाणं स्वतःच्या आवाजात फोनवर भरून ठेवलं होतं. अंगणात उभं राहून, बिनवाजंत्रीचं. गाणं रंगात आलं होतं आणि तेवढ्यात मागून आईची आरोळी आली : "पुंडलिकाऽऽ, नळ आला रेऽ! मोटर लाव!" त्यांच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा, कधी नवव्या. नळ आला की माणूस जेवता जेवता उठतो. भाऊ मात्र थांबला नाही. पुढची ओळ त्यानं पळत पळत म्हटली. चपलांचा फटफटाट, मोटरच्या बटणाचा खटका आणि शेवटची ओळ मोटरच्या घरघरीत. एकूण तीन मिनिटं चाळीस सेकंद. भाऊच्या आवाजाचं जगात एवढंच शिल्लक होतं.

वहिनी, म्हणजे अमृता, रोज संध्याकाळी भाकरी करताना ते बारीक आवाजात लावायची. आईच्या आरोळीला तव्यावर भाकरी टाकायची आणि मोटरच्या घरघरीला उलटायची. तेवढा वेळ बरोबर लागायचा. बाकी दिवसभर ती कामापुरतं बोलायची. हसायचं तर नावच नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एक दिवस इंद्रजीतनं फोनवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातलं मैदान, काळा चष्मा घातलेला डीजे, आणि तो वाजवतोय काय? तर भाऊ म्हणायचा तसलंच एक जुनं सोल गाणं. खाली मात्र धडाधडा बीट. बाई मनापासून गातेय, बेस जमीन हलवतोय आणि हजारो माणसं एकदम उड्या मारतायत. इंद्रजीत उठून बसला. त्याला वाटलं, आपण भाऊला सांगत होतो ते जगाला पटलं!

आठ दिवसांवर भाऊचा वाढदिवस होता. इंद्रजीतकडं स्वतःचे दोन टॉप, दोन बेस असे चार स्पीकर आणि ते लादायला एक तीनचाकी टेम्पो होता. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं : भाऊचं गाणं या बेसवर वाजणार. सगळ्या गल्लीनं ऐकायचं. जास्त काही करायचं नाही, फक्त थोडा बेस द्यायचा. (इंद्रजीतच्या आयुष्यातली सगळी नुकसानं 'फक्त थोडा' या दोन शब्दांनीच सुरू झालेली आहेत.)

"वहिनी, भाऊचा फोन द्या बरं. अपडेट मारून आणतो."

वहिनीनं फोन छातीशी धरला. "कशाचं अपडेट?"

"नाय मारलं तर बंद पडतंय ते. सगळं उडून जातंय."

तिनं लगेच दिला. पुढं दोन दिवस इंद्रजीतला हेच वाक्य आठवून घाम फुटायचा.

छावणीच्या बाजारात बन्सीचं साऊंडचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची खोली, एक कूलर आणि एक कॉम्प्युटर. जिल्ह्यातल्या निम्म्या जयंत्या आणि निम्म्या हळदी त्या कॉम्प्युटरच्या पोटातून निघालेल्या. त्यामुळं तो कायम तुडुंब भरलेला. एक गाणं आत यायचं तर एक बाहेर गेलंच पाहिजे. म्हणून बन्सीच्या दुकानात सात वर्षांत कुणी 'कॉपी' हे बटण दाबलं नव्हतं. तिथं फक्त 'कट' चालायचं. इंद्रजीतही तिथंच शिकलेला. त्यानं केबल जोडली, भाऊचं गाणं कट केलं, कॉम्प्युटरवर टाकलं आणि कामाला लागला.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. गाणं हळू होतं म्हणून ताणून पळतं केलं. त्यामुळं भाऊचा आवाज जरा बारीक झाला, पण बीटवर बरोबर बसला. खाली बेस टाकला. वर ढोलकी टाकली. दर अर्ध्या मिनिटाला एका पोरीच्या आवाजात आपला शिक्का मारला : "डीजे इंद्राऽ! छावणी का राजा!" (हा शिक्का सगळेच डीजे मारतात. नाहीतर दुसरा डीजे गाणं उचलून स्वतःचं म्हणून वाजवतो.) गाण्याचा मधला भाग लांबट वाटला, तो काढून टाकला. आईच्या आरोळीपाशी मात्र तो अडला.

"हे उडवू का?"

बन्सीनं हेडफोन कानाला लावला आणि त्याचे डोळे चमकले. "पागल है क्या? हाच तर माल हाय! हे फिरवून फिरवून घे. नळ आला, नळ आला, नळ-नळ-नळ आला. आणि 'मोटर लाव' म्हटल्याबरोबर बेस सोड!"

इंद्रजीतनं बेस सोडला. पत्रे थरथरले. बन्सीनं त्याला मिठी मारली. मग इंद्रजीतनं सेव्ह केलं, जिथं होतं तिथं, त्याच नावानं.

"मस्त. आता साधं गाणं फोनमध्ये परत टाक," तो म्हणाला.

"कोणतं साधं?"

"भाऊचं. आधीचं."

"हेच की ते. सुधारलंय आता."

"अरे, पण मागचं कुठंय?"

"मागचं कसं राहील?" बन्सी शांतपणे म्हणाला. "तू कट मारला, वर सेव्ह मारलं. कॉपी मारायला जागा हाय का इथं?"

इंद्रजीत खुर्चीत बसला. मग उठला. मग कॉम्प्युटरच्या मागं वाकून पाहिलं, जणू गाणं तिकडून खाली पडलं असावं.

त्या संध्याकाळी तो रिकाम्या हातानं घरी आला.

"फोन?" वहिनीनं विचारलं.

"अपडेट चालू हाय. सत्तर टक्के झालंय."

दुसऱ्या दिवशी, "किती झालं?"

"एक्काहत्तर."

दोन्ही दिवस भाकरी करपली. आईनं करपलेला पापुद्रा मुकाट्यानं बाजूला काढला. वहिनी म्हणाली, "जाळ मोठा झाला वाटतं." इंद्रजीतनं मात्र ती सगळी भाकरी करपलेल्या बाजूसकट खाल्ली आणि वर आणखी एक मागितली. तेवढी शिक्षा त्याला कमीच वाटत होती.

तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात उजेड पडला. भाऊचा आवाज आणि आपला आवाज, रक्त एकच. आपणच गायचं, बिनवाजंत्रीचं, आणि फोनमध्ये ठेवून द्यायचं. कुणाला काय कळतंय!

अडचण होती इंग्रजीची. त्यानं न्हाणीघराचं दार लावून, स्वतःचंच रिमिक्स बारीक आवाजात ऐकून, शब्द वहीवर मराठीत उतरवले. ढोलकीखाली निम्मे ऐकू येत नव्हते. तिथं त्यानं अंदाजानं 'बेबी' लिहिलं. सोल गाण्यात बेबी कुठंही चालतं, एवढा त्याचा अभ्यास होता. मग बादली पालथी घालून बसला, डोळे मिटले आणि सूर लावला.

दारावर थाप पडली. "इंद्या, पोटात दुखायलंय का रे?"

"नाय, आई."

"मग कण्हायलास कशाला? ओवा देऊ का?"

"गाणं म्हणतोय मी!"

दाराबाहेर डबा उघडल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "ओवा ठेवते इथं उंबऱ्यावर."

अकराव्या खेपेला गाणं त्यातल्या त्यात जमलं. पण आईची आरोळी कुठून आणायची? आरोळी नसली तर वहिनी भाकरी टाकणार कधी?

अपडेट शहात्तर टक्क्यांवर आलं आणि भाऊच्या वाढदिवसाची सकाळ उजाडली. नळाचा तो नववा दिवस. म्हणजे आज पाणी येणार हे नक्की, कधी येणार हे कुणालाच ठाऊक नाही. गल्लीत घराघरासमोर पाईप गुंडाळून ठेवलेले, पिंपं धुऊन पालथी घातलेली. बायका कानात जीव आणून कामं करत होत्या. अंगणात इंद्रजीतनं भाऊचा फोन भिंतीवर उभा केला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि आईला हाताला धरून आणलं.

"आई, एक काम कर. एकदा ओरड."

"का? काय केलंस आता?"

"काय नाय केलं. नुसतं म्हण : पुंडलिका, नळ आला रे, मोटर लाव."

आईच्या, म्हणजे केसरबाईच्या, हातातला तांब्या तसाच राहिला. चार महिन्यांत ते नाव तिनं किती वेळा घेतलं असेल त्याला मोजदाद नाही. पण घेतलं ते फोटोपुढं, पुटपुटत. हाक म्हणून एकदाही नाही.

"त्याला हाक मारू?" ती म्हणाली. "आणि ओ कोण देणार?"

"मी देतो ना."

केसरबाईनं तांब्या खाली ठेवला आणि पदर खोचला. आता केसरबाईचा आवाज म्हणजे साधा आवाज नव्हे. छावणीच्या आठवडी बाजारात तिनं पंचवीस वर्षं भाजी विकलेली. तिनं मेथी म्हटलं की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला माणूस पिशवी काढायचा. शिवाय चार महिन्यांची हाक छातीत तुंबलेली. तिनं डोळे मिटले आणि सोडली :

"पुंडलिकाऽऽऽ! नळ आला रेऽऽऽ! मोटर लाऽऽव!"

"ओऽ," इंद्रजीत म्हणाला. पण तो 'ओ' कुणालाच ऐकू गेला नाही. कारण तोवर सगळी गल्ली फुटली होती.

दारं धाडधाड उघडली. पाईप सरसरत निघाले. कुणी तोंडाला साबण लावलेला, तसाच कळशी घेऊन धावला. बारा घरांच्या बारा मोटरा एकदम सुरू झाल्या आणि बारा मोटरांनी बारा पाईपांतून नुसती हवा ओढली. समोरच्या कडूबाईंची मोटर सगळ्यांत जबर. तिनं एवढी हवा ओढली, की करपल्याचा वास गल्लीभर पसरला.

कडूबाई कमरेवर हात ठेवून दारात आल्या. "केसरबाई! कुठंय पाणी?"

"कसलं पाणी?" केसरबाई अजून आपल्याच हाकेतून बाहेर आली नव्हती.

"आता बोंबललीस ना, नळ आला म्हणून?"

"मी पुंडलिकाला हाक मारली."

"अन् माझी मोटर जळाली, तिला कुणी हाक मारायची? चार महिने तुझा आवाज नाय, म्हटलं बोलंल बाई हळूहळू. बोललीस ती अशी?"

"काकू, माझ्यामुळं झालं," इंद्रजीत मधे पडला.

"ते सांगायची गरजच नव्हती, इंद्या. गल्लीत काय जळालं की पहिलं नाव तुझंच येतं."

एवढ्यात वहिनी बाहेर आली. तिच्या हातात पाईप होता. एक टोक आत नळाला, एक टोक हातात. तिनं कडूबाईंकडं पाहिलं नाही, मोटरीकडं पाहिलं नाही. भिंतीवर उभ्या केलेल्या भाऊच्या फोनकडं पाहिलं.

"भाऊजी, आईंनी कुणाला हाक मारली?"

"वहिनी," तो म्हणाला, "अपडेट संपलं."

आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. व्हिडिओ, बेस, कट, सेव्ह, न्हाणीघर, ओवा. मधे मधे तो 'फक्त थोडा' म्हणत होता आणि प्रत्येक वेळी कडूबाई "अगं बया" म्हणत होत्या. ऐकता ऐकता गल्लीतल्या मोटरा एकेक करून बंद झाल्या.

"म्हणजे त्यांचं गाणं गेलं," वहिनी म्हणाली.

"अर्धं गेलं. अर्धं हाय. पण ते नाचायचं झालंय."

इंद्रजीतला वाटलं, आता वहिनी पाईप टाकून आत जाईल, बॅग भरेल आणि माहेरी निघून जाईल. भाऊ गेला, त्याचा आवाज गेला, आता वहिनीही जाणार, आणि हे सगळं आपल्यामुळं. तो खाली मान घालून उभा राहिला.

"लावा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"जे केलंय ते लावा. मला ऐकायचंय."

"फोनवर?"

"कशावर वाजवायचं म्हणून केलं होतं?"

"बेसवर."

"मग बेसवर लावा."

टेम्पो दारातच होता. इंद्रजीतनं वायरी जोडल्या. पहिल्यांदा आला तो शिक्का : "डीजे इंद्राऽ! छावणी का राजा!" कुणीतरी फिसकन हसलं. मग भाऊ आला. बारीक, घाईघाईचा, चिमणीनं इंग्रजी शिकावं तसा, पण भाऊ. साबण लावलेल्या माणसानं तोंडावरचा फेस पुसला. केसरबाईनं उंबऱ्यावर बसून घेतलं. आणि मग ढोलकी वाढत गेली आणि सगळ्यांवरून तिचाच आवाज आला : नळ आला, नळ आला, नळ-नळ-नळ आला, मोटर लाव!

बेस सुटला.

सगळ्यांत आधी कडूबाईंचा पाय हलला. त्या नंतर म्हणाल्या, मुंगी चावली म्हणून. पण मुंगी चावल्यावर माणूस दोन्ही हात वर करून गिरकी घेत नाही. बघता बघता गल्ली नाचायला लागली. पाईप गळ्यात घालून माणसं नाचली, कळशा डोक्यावर घेऊन बायका नाचल्या. संपलं की "परत लाव!" दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. इंद्रजीत टेम्पोत उभा राहून मिक्सरची बटणं फिरवत होता. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला आपण काहीतरी बरोबर केलं असं वाटत होतं. (असं त्याला वाटलं की काय होतं, हे एव्हाना लक्षात आलं असेल.)

चौथ्यांदा गाणं चालू असताना खरंच नळ आला.

पहिल्यांदा ते केसरबाईनं पाहिलं. ती उंबऱ्यावर होती, तिच्या पायाशी पाईप फुगला. ती ताडकन उठली आणि ओरडली, "अरे, नळ आला!"

"नळ आला!" गल्ली तालावर ओरडली.

"अरे खरंच आला! मोटर लावा!"

"मोटर लावाऽ!" गल्लीनं हात वर केले.

"कडूबाई, पाणी!"

"अगं केसरबाई, भरून झालंय की गाण्यात!" कडूबाई घामाघूम होऊन म्हणाल्या. "आता बस कर, घसा बसंल तुझा!"

केसरबाईनं या दंडाला ओढलं, त्या दंडाला ओढलं. सगळ्यांनी तिला मधे घेऊन नाचवलं. म्हातारी किती दिवसांनी रमलीय म्हणून दोघीतिघींच्या डोळ्यांत टिपं आली.

वहिनीनं टेम्पोपाशी येऊन इंद्रजीतला हाका मारल्या. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. तो सतरा मिस कॉलवाला माणूस. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. आवाज कमी पडतोय म्हणत असावी, असं समजून त्यानं मान डोलावली आणि बेस आणखी वाढवला.

मग वहिनीनं हातातला पाईप वर केला, तोंडावर अंगठा दाबला आणि धार सरळ त्याच्यावर सोडली.

पहिली धार त्याच्या छातीवर बसली, दुसरी तोंडावर, तिसरी मिक्सरवर. 'फट्' असा आवाज आला, निळा धूर निघाला आणि सगळं बंद पडलं. त्या शांततेत साऱ्या गल्लीनं एकच आवाज ऐकला. नळातून जाता जाता पाणी करतं तो : घर्रर्र, फुस्स.

"गेलं," केसरबाई म्हणाली.

कुणाच्या पिंपात थेंब नव्हता. त्यांच्या स्वतःच्याही नाही. जे काही पाणी आलं होतं ते सगळं इंद्रजीतच्या अंगावर होतं. तो टेम्पोत उभा होता, नाकाच्या शेंड्यावरून थेंब गळत होते, हातात जळालेल्या मिक्सरचं एक बटण सुटून आलेलं, आणि त्याला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

वहिनी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. हसता हसता ती टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसली. हसणं मधेच रडण्यात गेलं, परत हसण्यात आलं, आणि कोणतं कुठं संपलं ते तिलाही सांगता आलं नसतं. केसरबाई तिच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गल्ली इंद्रजीतला मारायच्या बेतात होती. पण वहिनी हसते आहे म्हटल्यावर लोकांनी हात आवरले. कडूबाईंनी तेवढा एक धपाटा घातला, मोटरीच्या नावानं.

पुढचे आठ दिवस इंद्रजीतनं बन्सीच्या मामाच्या बोअरवरून टेम्पोनं पाणी वाहिलं. बारा घरं, रोज दोन खेपा. बेस गच्चीवर उलटे वाळत पडले होते. येता-जाता पोरं विचारायची, "राजा, आज किती वाजता नळ?"

नवव्या दिवशी संध्याकाळी वहिनीनं भाऊचा फोन त्याच्यापुढं ठेवला. "भाऊजी, यातलं वाजंत्री निघतं का?"

बन्सीनं एक ॲप शोधून दिलं होतं. त्यात आवाज एकीकडं आणि वाजंत्री दुसरीकडं निघायचं. इंद्रजीतनं ढोलकी काढली, बेस काढला. बेस काढताना जड गेलं त्याला, पण काढला. मग पळतं गाणं परत हळू करायला घेतलं. मूळ किती हळू होतं हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं अंदाजानं ओढलं. जरा जास्तच ओढलं गेलं. शिक्का मारणारी पोरगी तर गाढ झोपेतून उठवल्यासारखी बोलली. आणि मग भाऊचा आवाज आला : जाड, खर्जातला, सावकाश. साठीतल्या माणसाचा.

इंद्रजीतनं घाईनं बोट पुढं केलं. "थांबा, थोडं वर घेतो."

"नको," वहिनी म्हणाली.

तिघंही ऐकत राहिले. न्हाणीघरापासून स्कूटरपर्यंत आयुष्यभर ऐकलेलं ते गाणं, एक म्हातारा माणूस अंगणात उभा राहून म्हणत होता. घाई नाही, काही नाही.

"त्याच्या बापाचा आवाज असाच झाला होता शेवटी शेवटी," केसरबाई म्हणाली.

"यांचाही असाच झाला असता," वहिनी म्हणाली. "हा मला कधी ऐकायला मिळाला नसता." तिनं फोनवरची नजर काढली नाही. "असंच राहू द्या."

इंद्रजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला एकदम खूप काही करावंसं वाटलं. भाऊसाठी, वहिनीसाठी, आईसाठी. त्यानं फोन हातात घेतला.

"वहिनी, ऐका ना. हे लई भारी हाय. आता याला मागं फक्त थोडी बासरी..."

"इंद्या," आई म्हणाली.

"बारीक, आई. नावाला."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "आमच्यासाठी एक काम कराल?"

"सांगा की! काय बी सांगा!"

"फोन खाली ठेवा."

त्यानं ठेवला.

"आता हात मागं घ्या."

इंद्रजीतनं दोन्ही हात मागं घेतले आणि पाठीशी एकमेकांत धरून ठेवले. वहिनीनं गाणं पहिल्यापासून लावलं आणि आईच्या आरोळीला तव्यावर भाकरी टाकली. गाणं संपेपर्यंत त्यानं हात सोडले नाहीत.